म्हैस सुटली का?

त्या म्हाताऱ्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. असीरगडाच्या बाजूला डोंगरातली लांब पळण्याची शर्यत होती. बाबा, वहिनी आणि मी, सगळ्यात मागे धापा टाकत होतो. केळीच्या बागेतून तो पायवाटेवर आला. अख्खं घर पळताना पाहून म्हणाला, "म्हैस सुटली का, भाऊ?"

'नाही' म्हणायलाही बाबांना दम नव्हता. त्यांनी नुसता हात हलवला. त्याने धोतर खोचलं, खांद्यावर दोरी टाकली आणि फाटक्या चपलांनिशी तो आमच्या पुढे पळत सुटला. दर वळणावर थांबून झाडीत म्हशीला हाका मारायचा.

शेवटी शर्यत पूर्ण केल्याची पदकं आमच्याही गळ्यात पडली. बाबांचं पदक हातात घेऊन त्याने हलवून पाहिलं.

"घंटी तर सापडली. आता टेन्शन नका घेऊ, म्हैसबी येईल घरी."

आमच्याकडे म्हैस कधीच नव्हती. तरी बाबा अजून संध्याकाळी फाटक उघडं ठेवतात.