उलटी ठेवलेली यादी

सक्सेना साहेबांनी यादी माझ्यासमोर टेबलावर ठेवली. मी ती लगेच उलटी केली. पण तोवर दोन नावं वाचून झाली होती. चौथी शिकलेल्या बाईला एवढं वाचता येतं.

दोन्ही नावांपुढे लाल खूण होती. लाल खूण म्हणजे खरी सुई, हे साहेबच म्हणाले.

भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये जे हॉस्पिटल आहे, तिथे मी आया होते. नवरा गेल्यावर त्याच्या जागी लागले. आमच्याकडे कंबरदुखीचे पेशंट फार. तापलेलं लोखंड ठोकणारे, पार्ट उचलणारे, वर्षानुवर्षं वाकून काम केलेले. त्यांच्यासाठी एक इलाज तपासून बघायचं चाललं होतं. चिरफाड नाही, टाके नाहीत. पेशंटला पालथं झोपवायचं, एक्स-रेच्या पडद्यावर बघत पाठीत लांब सुई घालायची आणि तिच्या टोकाला गरमी देऊन दुखणं कळवणारी बारीक नस भाजायची. पण अर्ध्याच लोकांना गरमी द्यायची. बाकीच्यांना नुसतीच सुई टोचायची आणि मशीनचा आवाज ऐकवायचा. आपल्याला काय मिळालं ते पेशंटला सांगायचं नाही. असं होणार, हे आधीच समजावून प्रत्येकाची सही घेतलेली असायची.

"मग त्या बाकीच्यांना उगाच टोचायचं कशाला?" मी करमरकर मॅडमना विचारलं होतं. सुई त्याच घालायच्या. मूळच्या इंदूरच्या.

"ताई, नुसतं टोचल्यावर पण माणसाला बरं वाटतं. डॉक्टरने लक्ष दिलं, तेवढ्याने सुद्धा वाटतं. मग गरमीने किती झालं, ते समजणार कसं?"

हे मला पटलं. पण मॅडमनी मला ओ.टी.तून बाहेर काढलं, ते पटलं नाही. इतकी वर्षं शिशाचा जड एप्रन घालून मी पेशंटचे हात धरून उभी राहिले होते. मला ती शिक्षाच वाटली.

"शिक्षा नाही हो. सहा आठवड्यांनी आणि परत तीन महिन्यांनी पेशंट येईल. दुखणं किती, ते तुम्ही विचारायचं. कोणाला काय दिलं, ते तुम्हाला माहीत नाही. म्हणून तुमचं लिहिलेलं चालेल. माझं चालणार नाही."

मला काही माहीत नाही, म्हणून कोणी मला काम दिलं, असं पहिल्यांदाच झालं.

काम सोपं होतं. फॉर्मवर एक रेघ. एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला दहा. शून्य म्हणजे काही दुखत नाही. दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. पेशंट बोट ठेवेल तो आकडा लिहायचा आणि खाली सही करायची.

मी हे खोलीत विचारत नसे. टाउनशिपमध्ये एक रीत होती. साहेबांच्या खोलीत जाताना कामगार बूट बाहेर काढायचे आणि आत जाऊन "आराम है साब" म्हणायचे. पाय मोडलेला माणूससुद्धा तेच म्हणायचा. मी बाहेर बाकावर गाठायची. माणूस वाकून बुटाची नाडी बांधत असला, की खोटं सांगत नाही.

लोखंड ठोकायच्या फोर्ज शॉपचे सोळंके सहा आठवड्यांनी आले, तेव्हा नाडीपर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता.

"वहिनी, सात लिहा. आत मी दोन सांगून आलोय, ते सोडा."

मी सात लिहिले.

सोळंके तेव्हा लाइट ड्यूटीवर होते. टूल रूमच्या खिडकीत बसून हत्यारं द्यायची, तेवढंच काम. आणि नेमकी लाइट ड्यूटीच बंद करायची, असं सक्सेना साहेबांच्या मनात होतं. ते हॉस्पिटलचा कारभार बघायचे. सुईने लोक बरे होतात, असं कागदावर दिसलं, की सोळंक्यांसारखे सगळे परत हॅमरवर जाणार होते.

म्हणून ती यादी. ती खरं तर बंद पाकिटात असायला हवी होती. साहेबांकडे कशी आली, ते मला कोणी सांगितलं नाही.

"सुमनबाई, अब तीन महीने वाला नंबर लेना है ना? लाल निशान वालों से ठीक से पूछना."

"ठीक से मतलब, साब?"

"पूछो, पहले से तो आराम है ना? आदमी हाँ बोलेगा. फिर नंबर लिखो."

मी फारशी बोलत नाही. साहेबांच्या खोलीत तर नाहीच. त्या दिवशी बोलले.

"फिर नंबर भी मैं ही बता देती हूँ उसको."

साहेबांनी चष्मा काढला. "सोळंके ने खुद मुझसे कहा है, दो."

"आपके सामने वो जूते उतारकर खड़ा रहता है, साब. आपके सामने आज तक किसी को दुखा है?"

"ज्यादा मत बोलो. लिस्ट उठाओ."

"नहीं उठाऊँगी. दो नाम दिख गए हैं. वो मैं फॉर्म पर लिखूँगी."

"क्या लिखोगी तुम? चौथी पास हो."

"चौथी तक लिखना सिखा देते हैं, साब."

"लाँड्री में भेज दूँगा."

"भेजिए. पर किसलिए भेजा, वो कागज पर लिखकर भेजिए."

मी बाहेर आले. बाकावर बसून मी ते दोन फॉर्म काढले. दोन्हींवर लिहिलं, 'या माणसाला कोणती सुई दिली ते मला कळले आहे. मला यादी दाखवली. आता मी विचारणार नाही.' खाली सही केली आणि दोन्ही फॉर्म मॅडमना नेऊन दिले. मॅडमनी दोनदा वाचले. मग फोन उचलला आणि मला म्हणाल्या, "तुम्ही जा. बाकीचं मी बघते."

त्या दोघांतले एक सोळंके. दुसऱ्या दिवशी ते सायकलवरून आले. लाइट ड्यूटी बंद होणार, ही बातमी टूल रूमपर्यंत पोचली होती.

"वहिनी, या वेळी दहा लिहा."

"दहा म्हणजे अंथरुणातून उठता येत नाही. तुम्ही सायकल मारत आलात."

"मग नऊ लिहा."

"मी काहीच लिहिणार नाही. तुम्हाला आता दुसरं कोणी विचारेल."

"माझी सुई खरी होती का हो?"

मी फॉर्मच्या गठ्ठ्याला दोरी बांधत राहिले. हो म्हटलं असतं तरी त्यांचा आकडा बदलला असता, नाही म्हटलं असतं तरी.

"साहेबांच्या झालात तर तुम्ही," ते म्हणाले.

ते लागलं.

मॅडमनी पाठवलेली दातांच्या विभागातली रजनी आया आली. तिला यादी, सुई, काहीच माहीत नव्हतं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून तिने रेघ पुढे केली. सोळंक्यांनी बोट दहावर ठेवलं. मग भिंतीला टेकवलेल्या सायकलकडे बघितलं. बोट सरकत सरकत मागे आलं.

"सात," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

पुढे पाकिटं रीतसर उघडली. गरमी मिळालेले आणि न मिळालेले, दोघांच्या आकड्यांत साहेबांना हवा होता तेवढा फरक आमच्या हॉस्पिटलात तरी निघाला नाही. यादी दाखवल्याची गोष्ट मॅडमनी अहवालात घातली. लाइट ड्यूटी राहिली. सोळंके रिटायर होईपर्यंत त्या खिडकीत बसले.

माझी लाँड्रीत बदली झाली. कागद आला, पण त्यावर कारण नव्हतं. मी तो परत पाठवला. दुसरा आला, त्यावरही नव्हतं. तोही परत पाठवला. तिसरा आलाच नाही, पण तोवर मी लाँड्रीत चादरी मोजू लागले होते.

एवढं कळलं, की उत्तर आधीच ठरवून ठेवलेल्या माणसाने प्रश्न विचारायला जाऊ नये. कोणाची सुई खरी ते मला कळलं, तेव्हा मी विचारायचं सोडलं. साहेबांना ते माझ्याआधी कळलं होतं, पण त्यांनी सोडलं नाही.