पोटात गेलेला काढा

हात बुडवून बसायचं औषध मी पेलाभर प्यायले — वैद्याची लेक असून! आमच्या घरात आजतागायत हे कुणाला ठाऊक नाही. तुम्हाला सांगते. हसा खुशाल, त्या शहाण्या पोरीला मीही हसते.

पंच्याहत्तर-शहात्तर साल असेल. पंचवटीतल्या एका शाळेत मी शिकवायचे, आणि दोन्ही हातांना इसब. खडू धरला की भेगांतून रक्त. हळदीकुंकवाला बायका माझ्या हातचं कुंकू लावून घेईनात. वडिलांचे, म्हणजे आमच्या दादांचे, सगळे लेप हरले होते. नाक मात्र — कसारा घाटाहून उंच!

मेन रोडमागच्या गल्लीत कलकत्त्याकडून आलेला एक चिनी दातांचा डॉक्टर होता. त्याची बायको, मेईबाई, आपल्या माहेरच्या पद्धतीची कातडीची औषधं द्यायची. तिनं मला सालीमुळांच्या महिनाभराच्या पुड्या दिल्या. म्हणाली, “ताई, याचा काढा कर, गार होऊ दे, मग—”

मग काय? ऐकायला मी थांबले कुठे? काढा म्हणजे प्यायचा — हे वैद्याच्या लेकीला ही शिकवणार?

प्यायले. दोन दिवस परसाकडे आणि अंथरूण, बस. तिसऱ्या दिवशी पुडीचा कागद नीट पाहिला. तिनं पेन्सिलीनं चित्र काढलेलं — वाडगं, आणि वाडग्यात हात. तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, “अगं, खाल्लंस तरी काय?” खरं सांगायला किती वेळ लागला असता? मी म्हणाले, “त्या चिनीणीनं विष दिलं.”

एवढंच वाक्य. गल्ल्यांतून ते पळत गेलं. बासष्टच्या लढाईनंतर चिनी म्हटल्यावर पुरावा कुणी मागायचा? मेईबाईकडे बायका जाईनात; पुढे तिच्या नवऱ्याकडे दात काढायलाही कुणी जाईना.

आणि मी? मी दार लावून, उरलेल्या पुड्यांच्या काढ्यात रोज हात बुडवून बसत होते! महिन्याभरात हात असे उजळले — आज पंच्याहत्तरी ओलांडली, तरी बघा, एक भेग नाही. बायकांनी विचारलं, तेव्हा छाती काढून सांगितलं, “आमच्या दादांचा लेप!” काय तो माझा तोरा! शेजारणी दादांकडे रांग लावायला निघाल्या होत्या.

काही वर्षांनी डॉक्टर दुकान बंद करून कलकत्त्याला परत निघाला. मी गेले. मेईबाई अवजारं फडक्यात बांधत होती. मोठा पराक्रम केल्याच्या ऐटीत मी तिला सगळं सांगून टाकलं — प्यायलेलं, बोललेलं, दादांच्या नावावर खपवलेलं. तिनं माझे हात हातात घेतले, उलटेपालटे करून पाहिले. तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता — रोगी बरा झाला की दादांच्या चेहऱ्यावर दिसायचा, अगदी तोच. मग तिनं हात सोडले आणि म्हणाली,

“ताई, मला काय सांगते? मला तर माहीतच आहे. ज्यांना नाय माहीत, त्यांना सांग.”