कोरडा आवाज

माझा डावा कान आधी गेला, मग उजवा. पार बहिरा नाही झालो. माणसं बोलतात ते कळतं, माझ्या पाठीमागे बोलतात ते तर जरा जास्तच कळतं. गेला तो वरचा, बारीक आवाज. अकोल्याच्या डॉक्टरांनी कानाला यंत्र लावून तपासलं आणि विचारलं, धंदा काय करता? म्हटलं, टू-स्ट्रोक इंजिनं दुरुस्त करतो. ते म्हणाले, मग बरोबर आहे. परतीच्या बसमध्ये मुलगी शेजारी होती. वाशीम येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिची रेसची गाडी मी कानाने जुळवत होतो, आणि तोच कान आता निकामी म्हणून सांगितला गेला होता.

आम्ही माळी. शहराच्या कडेला थोडा मळा आहे. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी. ते सगळं बायको बघते. माझं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान. पाठीवरच्या पंपाचं इंजिन टू-स्ट्रोक असतं, पेट्रोलमध्येच ऑइल कालवावं लागतं. त्याच्यावरच हात बसला आणि पुढे मोटारसायकलवर गेला. मग मी एक जुनी टू-स्ट्रोक गाडी घेतली, तिचे दिवे, हॉर्न, मडगार्ड सगळं उतरवलं, फुगीर पोटाचा सायलेन्सर बसवला आणि ती रेसची केली. चालवायची मुलीने. ती इथल्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. वर्षातून एखाद-दोनदा रजा काढते, आम्ही गाडी पिकअपमध्ये बांधतो आणि दक्षिणेत समुद्राजवळच्या एका ट्रॅकवर जातो. तिथे काही दिवस साध्या हौशी लोकांसाठी असतात. बक्षीस नाही, हार-तुरे नाहीत. समोरून ट्रॅक्टर येत नाही एवढंच सुख, आणि ते थोडंथोडकं नाही.

जुळवणं म्हणजे काय, ते सांगतो. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरमध्ये जेट नावाची पितळेची एक बारीक भोकाची चकती-वजा टोपी असते. भोक मोठं, तर पेट्रोल जास्त. गाडी धूर ओकते आणि आळसावते. भोक लहान, तर पेट्रोल कमी. गाडी चपळ होते. पण पेट्रोलबरोबरच ऑइलही कमी जातं, पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये आवळतो. मग मागचं चाक भर वेगात जागच्या जागी अडकतं. यातला खरा दगाबाजपणा असा, की अडकण्याच्या आधी गाडी सगळ्यात सुरेख पळते. म्हणून टू-स्ट्रोक पळवणाऱ्याची डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर असतात. चाक अडकलंच तर क्लच दाबून ते सोडवायला पापणी लवण्याइतका वेळ मिळतो. मुलीला मी गिअर शिकवायच्या आधी ही बोटं शिकवली.

बायकोला हे सगळं मान्य नव्हतं. गाडीला ती ‘ते मढं’ म्हणायची. तिचं माहेर इंझोरीचं, माणूस सरळ. आवडलं नाही तर आवडलं नाही. ट्रॅकवर ती कधी आली नव्हती. आम्ही निघालो की देवापुढे दिवा लावायची आणि आम्ही परत येईपर्यंत फोन उचलायची नाही. वाईट बातमी ऐकायचीच नाही, असा तिचा हिशेब. मी यावरून तिला चिडवायचो. आता वाटतं, चिडवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

डॉक्टरांकडून आल्यानंतरच्या थंडीतली गोष्ट. थंडीत हवा जड होते, जेट बदलावा लागतो. मी बदलला. मुलीने मळ्याच्या कडेच्या आमच्या सरळ वाटेवर मूठ पूर्ण पिळून गाडी नेली आणि परत आली. मी म्हणालो, मस्त. अंगणात बायको मेथीच्या जुड्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली,

“मस्त काय? कोरडा येऊन राह्यला आवाज.”

“आता तू शिकव मले,” मी म्हणालो.

“शिकवत नाई. सांगून राह्यली.”

मी प्लग काढला. जुळलेल्या गाडीचा प्लग शेंगदाण्याच्या टरफलासारखा तांबूस निघतो. हा पांढराफट्ट होता. पेट्रोल कमी पडत होतं. मुलगी माझ्याकडे बघायला लागली आणि मी बायकोकडे.

“तुले कसं समजलं?”

तिने हातातली जुडी खाली ठेवली. “पोरगी त्याच्यावर बसली का माहे हात चालत नाईत. आयकतच बसते मी. इतके वर्सं दुसरं केलं काय? जवा गाडी बिघडते, तवा तो आवाज कोरडा होते, फोडनीतलं तेल जळून जाते तसा. तुमी तवा हासत उभे असता.”

माझ्या आवडीने मला जे शिकवलं नाही, ते तिच्या भीतीने तिला शिकवलं होतं. त्या दिवसापासून जेट बदलला की मी तिच्या तोंडाकडे बघायला लागलो. ती मेथी निवडत मान हलवायची, हो किंवा नाही. मुलगीही आधी तिच्याकडे बघायची. मला त्याचं वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पण ट्रॅकवर काय करायचं? समुद्राजवळची हवा आमच्या हवेपेक्षा दाट, जेट तिथे पोचूनच ठरवावा लागतो. मुलगी म्हणाली, आई आली नाही तर मी गाडीवर बसणार नाही. बायको दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने मेथी शेजारणीच्या हवाली केली आणि पिशवी भरली.

ट्रॅकवर ती पिटच्या, म्हणजे गाड्या थांबतात तिथल्या, भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली, पदर डोक्यावर, डोळे मिटलेले. पहिल्या दोन वेळा सगळं नीट झालं. ती मान हलवत होती, मी प्लग काढून बघत होतो, रंग बरोबर येत होता. मला धीर आला. जेवणानंतर मुलगी पुन्हा उतरली. दोन फेऱ्या झाल्या. समोरच्या सरळ पट्ट्यावरून ती गेली तेव्हा गाडी अशी काही पळत होती, की मला माझ्या हातांचा अभिमान वाटला.

बायकोने डोळे उघडले. “बोलवा तिले.”

मला तर आवाज गोड लागत होता. आजूबाजूला दहा गाड्यांचा गोंगाट. ट्रॅकवर तिचा हा जन्मातला पहिलाच दिवस. मी विचारलं, “भेव वाटते म्हनून म्हनते का?”

“भेव तं रोजचंच हाये. हे येगळं हाये.”

मी थांबवायची पाटी घेऊन भिंतीवर वाकलो, तोवर मुलगी पुढे निघून गेली होती. आता अख्खी फेरी झाल्याशिवाय ती पाटी तिला दिसणार नव्हती. ती फेरी मी ट्रॅककडे बघितलं नाही. बायकोकडे बघत राहिलो. ती आवाजामागे नुसती मान वळवत होती, वळणावर, मागच्या पट्ट्यावर, पुन्हा वळणावर. मधेच तिची मान थांबली, मीही श्वास धरला. मग मान पुन्हा फिरायला लागली. मुलगी समोर आली, तिने पाटी बघितली आणि पुढच्या फेरीला हळू होत आत आली.

हेल्मेट काढायच्या आधीच ती रागावली होती. “काहून बोलावलं, बाबा? इतकी भारी आजपर्यंत पळाली नव्हती ती.”

इंजिन निवल्यावर मी सिलिंडर उतरवला. पिस्टनच्या एका बाजूवर उभे ओरखडे पडले होते आणि वरची कड घूण लागलेल्या ज्वारीसारखी टोचली गेली होती. कार्बोरेटर ज्या रबरावर बसतो, त्याला केसाएवढी भेग गेली होती. तिथून जास्तीची हवा आत शिरत होती आणि तेवढं पेट्रोल कमी पडत होतं. आणखी एक फेरी, फार तर दोन, आणि चाक अडकलंच असतं. मुलीने पिस्टन हातात घेतला, अंगठा फिरवला आणि तिथेच खाली बसली. बराच वेळ ती आपल्या डाव्या हाताच्या बोटांची उघडझाप करत होती. मग म्हणाली,

“आई, तू म्हन. सोडून देते मी.”

हे वाक्य ऐकायला बायकोने किती वर्षं दिवे लावले ते मला माहीत आहे. मला वाटलं, संपलं. आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला मलाही ते संपलेलंच हवं होतं. बायकोने पिस्टन तिच्या हातातून घेतला, पदराला पुसला आणि माझ्याकडे दिला.

“तू आज सोडशीन,” ती म्हणाली. “उद्या कोनाची तरी गाडी घेऊन दुसरीकडं कुठी पळवशीन. मी वळखत नाई का तुले? तिथं मले काई आयकू यीन नाई. सोडू नको. चालवायची तं मी बसली असन तिथंच चालव.”