अण्णा डोळे मिटून ओठ का बसवायचे

साहेबाने माझ्यासमोर उभं राहून लिंबाची फोड चोखली. सावकाश, तोंड वेडंवाकडं करत, मचमच आवाज काढत. माझ्या हातात ट्रंपेट. ओठ नुकतेच बसवले होते. जिभेखालून पाणी सुटलं, ओठांचे कोपरे सैल पडले आणि ट्रंपेटमधून नुसती ओली फुर्र निघाली. पाहुणे हसले.

"बघा, म्हटलं नव्हतं?" साहेब त्यांना म्हणाला. "गावी वरातीत आम्ही बँडवाल्यांना चिंच दाखवायचो. सगळे फुसके. ही जातच तसली."

कतारमध्ये, दोह्यातल्या अल अझीझिया भागातला त्याचा व्हिला. मुलीचा वाढदिवस. मी त्याच्या कंपनीत एसीचे डक्ट बसवायचो. काम द पर्ल बेटावरच्या अर्धवट इमारतीत, झोपायला सनाया या कारखान्यांच्या वस्तीतला कामगारांचा कॅम्प. ट्रंपेट त्याच्या मुलीचा, शाळेच्या बँडमधला. ओठांना लावायचा माउथपीस तेवढा माझा. म्हणजे अण्णांचा, माझ्या वडिलांचा. गावाहून येताना तोच एक खिशात घालून आणला होता. साइटवर जेवणाच्या सुट्टीत मी तो नुसताच ओठांना लावून फुंकत बसायचो. साहेबाच्या कानावर गेलं. हुकूम आला, शुक्रवारी घरी ये.

मी घाबरलो होतो. येताना गाडीतच घाबरलो होतो. माझा पासपोर्ट साहेबाच्या ऑफिसातल्या कपाटात. त्याची सही नसेल तर देशाबाहेर पडता येत नाही, आणि त्याने मनावर घेतलं तर इथे राहताही येत नाही. भीतीने तोंड कोरडंठाक पडलं होतं. कोरडे ओठ थरथरत नाहीत, आणि ओठ थरथरले नाहीत तर पितळेतून सूर निघत नाही. वाटभर मी जिभेने ओठ ओले करत होतो.

ओठ बसवायला अण्णांनी शिकवलं. आधी ओले करायचे. म म्हणताना मिटतात तसे मिटायचे. कोपरे आवळायचे, मधला भाग मोकळा. वाद्याशिवाय नुसते फुरफुरवून बघायचे. मग माउथपीस. "टेकवायचा, दाबायचा न्हाई. दाबला की रगत मरतं," अण्णा सांगायचे. आणि शेवटी म्हणायचे, "आता डोळं मीट."

डोळे मिटणं हाही बसवण्याचाच भाग, असं मी धरून चाललो. कधी विचारलं नाही. अण्णा वरातीच्या बँडात ट्रंपेट वाजवायचे, मी त्यांच्या मागे खुळखुळा वाजवत चालायचो. मला त्यांची पाठ दिसायची. पुढून लोकांचं हसणं ऐकू यायचं. लग्नघर आहे, हसणारच, असं वाटायचं.

लिंबाच्या फोडीमागचे साहेबाचे दात बघताना मला अण्णांचं तोंड पहिल्यांदा पुढून दिसलं. चिंच दिसू नये म्हणून माणूस डोळे मिटत होता. जन्मभर. आणि तेच मला कला म्हणून शिकवून गेला.

"यल्ला, चल, पुन्हा लाव तोंड," साहेब म्हणाला. त्याने दुसरी फोड उचलली.

मला कॅम्पवरून घेऊन आलेले ड्रायव्हर दाऊदभाई दाराशी उभे होते. रत्नागिरीचे, बापाच्या वयाचे. हळूच म्हणाले, "वाजव रे बाबा. पासपोर्ट त्याच्याकडे हाय तुझा."

ते माझ्या भल्याचंच सांगत होते. मी ओठ ओले केले. मिटले. कोपरे आवळले. डोळे आपोआप मिटायला लागले आणि मी ते उघडे ठेवले. साहेबाकडे बघितलं. मग माउथपीस फिरवून ट्रंपेटमधून काढला आणि खिशात टाकला.

"मी वाजवणार नाही, साहेब."

"अरे, गंमत केली."

"माझ्या बापाशीही तुम्ही लोकांनी हीच गंमत केली."

कोणी हसलं नाही. साहेबाने फोड बशीत ठेवली, बोटं पुसली. "खलास. उद्या ऑफिसात ये," एवढंच म्हणाला. मी ट्रंपेट सोफ्यावर ठेवला. गाडीत बसल्यावर मला ओकारी आली. दाऊदभाईंनी गाडी बाजूला घेतली, पाण्याची बाटली दिली.

दुसऱ्या दिवशी साहेबाने मला आतल्या कामावरून काढून गच्चीवर टाकलं. भर उन्हाळ्यात. ओठ फाटून रक्त यायचं. पासपोर्ट कपाटातच राहिला. आज ना उद्या घरी पाठवतील या धास्तीने मी कित्येक महिने बॅग बांधून ठेवली. भीती गेली नाही. ती जाते म्हणणारा खोटं बोलतो. पण जेवणाच्या सुट्टीत त्याच फाटक्या ओठांना मी माउथपीस लावत होतो, साहेबाची गाडी समोर उभी असली तरी.

मला मुलगी आहे. तिला मी वाजवायला शिकवणार आहे. ओले करायचे, मिटायचे, कोपरे आवळायचे, दाबायचं नाही. अण्णांचं सगळं शिकवीन. डोळे मिटायला तेवढं शिकवणार नाही. समोर कोण काय चोखत उभा आहे, ते तिने नीट बघावं. मग वाजवायचं की नाही, ते तिचं तिने ठरवावं.