बाबांच्या चपलेसाठी वर्ध्याला

आमच्या घरात चामडं येत नाही, आणि ही बंदी मी घातलेली आहे. दहावीत असताना हायवेवर गुरांनी खचाखच भरलेला एक ट्रक पाहिला, घरी येऊन दोन दिवस रडले आणि बाबांना फर्मान सोडलं, "तुमची चप्पल, पट्टा, पाकीट, सगळं बंद." बाबांनी वाद घातला नाही. कमरेचा पट्टा काढून कपाटावर फेकला आणि म्हणाले, "बंद." या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली. पुढे मी दूध सोडलं, रेशीम सोडलं, साबणाच्या वेष्टणावरची बारीक अक्षरं वाचून नाशिकचे निम्मे दुकानदार जेरीस आणले. या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना हे सगळं तोंडपाठ आहे.

यंदा बाबांच्या साखरेनं डोकं वर काढलं. मेडिकलमधून मऊ रबराच्या तळाची चप्पल आणली, तर तिच्या रेक्झिनच्या पट्ट्यानं अंगठ्याशेजारची कातडी सोलली. जखम महिनाभर भरेना. डॉक्टर म्हणाले, "मऊ चामड्याची चप्पल घ्या, आणि लवकर घ्या. अशा पायाशी खेळ नको, बोट काढायची वेळ यायला उशीर लागत नाही." बाबा म्हणाले, "चामडं नाही. शब्द म्हणजे शब्द." हा हट्ट घरात कुणावर गेलाय ते विचारू नका.

माझ्या तत्त्वानं माझ्याच बापाचा पाय खायला घेतला होता. तेव्हा मला वर्धा आठवलं. सेवाग्रामच्या आसपास पूर्वीपासून एक वेगळी चप्पल बनायची, मारलेल्या नव्हे तर आपोआप मेलेल्या जनावराच्या कातड्याची. लोक तिला अहिंसक चप्पल म्हणत. मऊ चामडंही मिळेल, बाबांचा शब्दही मोडणार नाही. मापासाठी बाबांची ती चावरी चप्पल कापडी पिशवीत घातली आणि तिकीट काढलं.

नाशिकरोडहून रात्री गाडीत बसलं की सकाळी वर्धा येतं. स्लीपर पुरतो, डिसेंबरात एक शाल मात्र हवीच. मी नेहमीप्रमाणे स्टीलची बाटली, डबा आणि चमचा घेऊन निघाले होते, त्यामुळे प्रवासभर एकही प्लास्टिकचा पेला हातात घेतला नाही. स्टेशनबाहेर चहावाल्याला म्हटलं, "दूध नको, कोरा द्या." तो काळजीनं म्हणाला, "तब्येत खराब हाय काय?" मग त्यानं आपणहून लिंबू पिळलं आणि शेजारच्या गाड्यावरचे तर्री पोहे खायला सांगितलं. तिखट रश्श्यातले हरभरे आणि पोहे, दुधातुपाचा थेंब नाही. माझ्यासारख्यांना विदर्भात उपास घडत नाही, हे लिहून ठेवा.

मुक्काम सावंगीला वैशालीकडे होता. ती माझी पुण्यातली होस्टेलची मैत्रीण. आता इथल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे आणि वडिलांसोबत राहते. मेश्राम काका पोस्टातून निवृत्त झालेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं मोजकं. पिशव्या ठेवल्या आणि मी शेअर ऑटोनं सेवाग्राम गाठलं. वीस-तीस रुपयांत काम होतं, वेगळी रिक्षा करायची गरज नाही. आश्रमातल्या मातीच्या भिंती, बांबूची छपरं आणि अंगणातली शांतता पाहून मला तर वाटलं, आपण घरी आलो. इथं कुणी आपल्याला विक्षिप्त म्हणणार नाही.

खादीच्या एका दुकानात चपलेची चौकशी केली. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "पहिले येत होत्या, आता माल नाई येत. तळेगावले गुलाबराव म्हणून एक जण बनवते म्हणे अजून. पाहून घ्या." मी खादीचे दोन पंचे घेतले आणि विजयी वीरासारखी सावंगीला परतले.

रात्रीच्या जेवणाला वैशालीनं गोळाभात केला होता. भातात बेसनाचे तिखट गोळे आणि वरून कडकडीत फोडणीचं तेल. सोबत वांग्याचं भरीत आणि जवसाची चटणी. हात चाटतच मी काकांना सगळी कथा ऐकवली आणि शेवटी माझं आवडतं वाक्य टाकलं, "कसं आहे काका, आपोआप मेलेलं जनावर. म्हणजे त्या चपलेत कुणालाच त्रास नाही."

काकांनी घास खाली ठेवला. "कोणालेच नाई?"

मी हसत मान हलवली. मला वाटलं, ते कौतुकानं विचारताहेत.

"मेलेलं ढोर गावाबाहेर कोण ओढून नेत होतं, माईत हाय तुले? माहा आजा. दोराले खांदा लावून. कातडं कोण सोलत होतं? तोच. त्याच्या हाताचा वास जाये नाई म्हणून लोक त्याले पाणी वरून ओतत. छप्पन साली आमच्या लोकायनं दीक्षा घेतली आन् आज्यानं सांगून टाकलं, आता ढोर नाई ओढणार. तं गावानं आमाले कामावर बोलावणं बंद केलं. दोन वर्सं." काका शांतपणे बोलत होते, आवाज जराही चढला नव्हता. "जनावरावर दया हाय, हे चांगलंच हाय. पण त्या दयेचं ओझं कोणाच्या खांद्यावर होतं?"

"बाबूजी, जेवू द्या तिले," वैशाली म्हणाली.

मी वाद घालणारी बाई आहे. खरं सांगायचं तर त्या रात्री आधी रागच आला. वीस वर्षं लेबलं वाचतेय, उत्तम वाचतेय, अशी माझी खात्री होती. हे कुठल्या लेबलावर लिहिलेलं नव्हतं. मग स्वतःची लाज वाटली, कारण वैशालीच्या खोलीत मी दोन वर्षं राहिले होते आणि तिला हे कधी विचारलंच नव्हतं.

सकाळी मी गुपचूप बॅग भरत होते. दारात काका उभे, अंगावर ताजा इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी.

"आर्वीची बस साडेआठले हाय. तिथून तळेगाव. चाल."

"काका, तुम्ही येताय?"

"तुह्या बाबाच्या पायाचा प्रश्न हाय. माह्या आज्याचा राग त्याच्यावर कायले काढू?"

वर्ध्याहून आर्वीमार्गे तळेगाव, म्हणजे श्यामजी पंतांचं तळेगाव, एसटीनं अडीच-तीन तास धरून चाला. बायकांना अर्धं तिकीट, काकांना पंचाहत्तरी उलटल्यामुळे फुकट, तेव्हा भाडं हा विषयच नव्हता. दोन्ही बाजूंना पिवळी फुललेली तूर, वेचायला आलेला कापूस, त्यात ओणवलेल्या बायका. आर्वीच्या स्टॅंडवर संत्री घेतली. विकणारी बाई कॅरीबॅग देऊ लागली, मी खादीचा पंचा पुढे केला. ती काकांना म्हणाली, "पोरगी कंजूस हाय काय तुमची?" काका पहिल्यांदा हसले आणि म्हणाले, "नाई व, हट्टी हाय." त्यांनी मला पोरगी म्हणू दिलं, एवढ्यावर मी खूश झाले.

गुलाबरावांचं दुकान बाजारातल्या एका टिनाच्या शेडमध्ये होतं. साठीचे गृहस्थ, मांडीवर फळी, तोंडात दोरा. मी विषय काढला तसं त्यांनी आरी खाली ठेवली.

"मेलेल्या जनावराचं चामडं? बाई, ते सोलणारं कोणी राह्यलं नाई आता. मी बाजारातून आणतो कातडं. कुठचं असते, कसं असते, मले काय माईत?"

"पण लोक म्हणतात तुम्ही बनवता."

"लोक इचारते, मी हो म्हणतो. तुमाले चिठ्ठी पायजे काय? देतो लिवून."

मला मोह झाला. स्पष्टच सांगते, खूप झाला. मऊ चप्पल समोर टांगलेली, चिठ्ठी फुकट, नाशिकला बाबा डोळे मिटून विश्वास ठेवणार, जखम भरणार. काका शेजारी संत्रं सोलत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी बाहेर जाऊन बाबांना फोन लावला.

"बाबा, मी तुम्हाला शब्दातून मोकळं करतेय. साधी चामड्याची चप्पल आणते. घाला."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. "तू मोकळं केलंस म्हणून मी सुटतो होय? तेव्हा तू म्हणालीस म्हणून सोडलं होतं. पुढे माझं मीच सोडलं. आता त्यात तुझं काही नाही."

"बाबा, बोट जाईल!"

"बघू," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी शेडमध्ये येऊन मटकन बसले आणि रडायला लागले. बाजारात, चारचौघांत. गुलाबराव गोंधळले. "काऊन रडून राह्यल्या ह्या?" काकांनी त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. मग गुलाबरावांनी नेमकं तेच विचारलं, जे मी त्यांना सांगायलाच विसरले होते. "जुनी चप्पल आणली काय?"

मी पिशवीतून ती काढली. त्यांनी तळ दाबून पाहिला, वाकवला, पट्ट्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "तळ तं एक नंबर हाय. हा पट्टाच चावून राह्यला. तळ ठेवा, पट्टा बदला. चामडं कायले पायजे?"

"मग कशाचा पट्टा?"

त्यांनी कोपऱ्यातून सुती नवारीची गुंडाळी ओढली. खाटेला विणतात ती रुंद पट्टी. आतून मऊ अस्तर हवं म्हणाले, तेव्हा मी दुसरा पंचा काढून दिला. काकांनी कापड दुमडून धरलं, गुलाबरावांनी टाके घातले. शिवण बाहेरच्या अंगाला, अंगठा मोकळा, मागे टाचेला एक पट्टी. तासाभराचं काम. मी फोटो काढून वैशालीला पाठवला. तिनं उत्तर दिलं, "चालेल. पण जखम डॉक्टरांना दाखवत राहा, आणि चप्पल घालण्याआधी रोज आत हात फिरवून बघ." मजुरी दीडशे रुपये. चामड्यासाठी मी सहाशे किलोमीटर आले होते आणि औषध निघालं दोन हात नवार. दुरुस्ती ही सगळ्यात साधी गोष्ट मलाच सुचू नये, यावर तुम्ही खुशाल हसा.

परतीच्या बसमध्ये मी काकांची माफी मागितली. ते म्हणाले, "माफीचं जाऊ दे. लिहितेस ना तू? माह्या आज्याचं बी लिही." ते मी वर लिहिलं आहे. काकांना वाचून दाखवूनच छापलं आहे.

आता तुम्ही जाणार असाल तर हिवाळ्यात जा, आश्रमाला अर्धा दिवस द्या, गोळाभात चुकवू नका. आणि काही दुरुस्त करायचं असेल तर सोबत न्या, इथले हात अजून ते काम जाणतात. दूध, रेशीम, चामडं मी आजही घेत नाही, त्यात तसूभर फरक नाही. पण "कुणालाच त्रास नाही" हे माझं लाडकं वाक्य मी आता वापरत नाही. आधी सगळ्यांना विचारून यावं लागेल.

बाबांची जखम तीन आठवड्यांनी कोरडी झाली. डॉक्टरांनी नवारीचा पट्टा उलटसुलट पाहिला आणि चालायला परवानगी दिली. तोवर बाबांनी काकांच्या आज्याची गोष्ट माझ्याकडून दोनदा ऐकली होती. पहिल्या दिवशी आम्ही कोपऱ्यापर्यंतच गेलो. तिथं रस्त्यावर गाडीखाली आलेलं एक मांजर पडलं होतं आणि महापालिकेचा माणूस ते उचलत होता. एरवी मी अशा वेळी तोंड फिरवते. मांजर बघवत नाही मला, आणि त्या माणसाकडेही कधी पाहिलं नव्हतं. बाबा थांबले.

"नाव काय तुमचं?"

तो दचकला. हातातलं फावडं खाली ठेवून त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "काय झालं काका? कंप्लेंट आहे का काही?"

"नाही हो," बाबा म्हणाले. "वीस वर्षं इथं राहतो. माहीत नव्हतं, म्हणून विचारलं."