चार वह्यांचं एक पुस्तक

मला एकही वाद्य वाजवता येत नाही, तरी अठराव्या शतकातल्या युरोपी संगीताच्या जुन्या छापील प्रती मी आयुष्यभर जमवत आलो. घरात चौघांनी बसून वाजवायचं ते संगीत. त्या काळी प्रत्येक वादकाची वही वेगळी छापत: दोन व्हायोलिनच्या दोन, व्हिओलाची एक, चेलोची एक. एक हरवली की उरलेल्या तीन नुसत्या बघायच्या. माझ्याकडे असे लंगडे संच बरेच आहेत.

पुरा संच एकच मिळाला, तोही कोल्हापुरात. संस्थानच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या एका घराण्यानं जुनं सामान काढलं, तेव्हा मी आणि माझ्या व्हायोलिन शिकवणाऱ्या मित्रानं तो मिळून घेतला. जपायचा मी, वाजवायचा त्यानं, असं ठरलं.

एखादी वही हरवेल या धास्तीनं मी चारही वह्या उचगावच्या बाइंडरमामांकडे नेल्या आणि एकत्र शिवून पुठ्ठा चढवायला सांगितलं. सगळ्या एकातच का, असं त्यांनी विचारलंही होतं. मी हो म्हणालो.

मित्र ते बघून भडकला. "चौघांनी एका ताटात जेवायचं काय? कुणी केलं हे?"

"बाइंडरनं. त्याच्या मनानंच," मी म्हणालो.

त्याच दिवशी तो उचगावला जाऊन मामांना चार माणसांदेखत वाट्टेल ते बोलून आला. त्याच्या शाळेच्या वाचनालयाचं कामही मामांकडून गेलं. त्यांनी माझं नाव सांगितलं का, आणि सांगूनही यानं मानलं नाही का, हे मी कधी विचारलं नाही. उचगावचा रस्ता मात्र टाळत राहिलो.

परवा मित्र म्हणाला, आता वाजवणारे चौघे जमलेत, ती शिवण उसवून घेऊ. पण त्या माणसाकडून नको. मग मला राहवेना. सगळं सांगून टाकलं. तो चहा तसाच टाकून उठला. पुस्तक पिशवीत घालून चपला चढवत म्हणाला, "चल. मला सांगून काय उपयोग?"

मामा आता फार थकलेत. मी उभ्यानंच बोललो, की सांगितलं मी होतं आणि खोटंही मीच बोललो. मित्रानं हात जोडले. मामांनी आतून सुनेला बोलावलं.

"ऐक गं. परत सांगा सायेब, हिच्या म्होरं."

मी परत सांगितलं. मग त्यांनी कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यालाही हाक मारली. तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज मोकळा झाला होता.

मामांनी पुस्तक मागून घेतलं, धागे कापले आणि चारही वह्या सुट्या केल्या. मित्रानं चेलोची वही उजेडात धरली. पुठ्ठा चढवताना कडा छाटल्या होत्या, त्यात काही छापील सूर अर्धे गेले होते.

"हे कापायला पण यानंच सांगितलं काय?"

"न्हाय," मामा म्हणाले, "ते मातर माझं हाय."

मित्र आधी हसला, मग मी. मामा सगळ्यांत शेवटी हसले.