दहा चाकांचा घोडा

ती घटना आठवली की आजही मला एकट्याला हसू येतं. बायको स्वयंपाकघरातून विचारते, "काय झालं?" मी म्हणतो, "घोडा." ती पुढे काही विचारत नाही, कारण ही गोष्ट तिला तोंडपाठ आहे.

मी तेव्हा भाईंदर पूर्वेच्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. गुरुवारची सकाळ होती. हजेरी आटोपली होती आणि मी स्टेशन डायरीवर सह्या करत होतो. तेवढ्यात आमचा जुना खबरी मागच्या दाराने आत आला. खबरी लोकांची एक खूण असते. फालतू खबर असली की आधी चहा मागतात, मग बोलतात. हा चहाला नको म्हणाला, तेव्हाच मी पेन खाली ठेवलं.

"साहेब, टपरीवर एक माणूस फोनवर बोलत होता. उद्या अकरा वाजता खारीच्या मागच्या मैदानात घोडा येतोय. नंबर घासलेला असणार. म्हणाला, मी आधीच जाऊन खाली पडून राहतो, एकदा हातात आलं की त्या शेठला सोडत नाही."

आमच्या खात्यात घोडा म्हणजे पिस्तूल. हा शब्द आम्ही इतका वापरतो की लग्नाच्या वरातीत खरा घोडा दिसला तरी हात आधी कमरेकडे जातो. नंबर घासलेला घोडा, दबा धरून बसणं आणि वर एका शेठचं नाव. सुपारीचा मामला, यात मला तिळमात्र शंका वाटली नाही. मी एसीपी साहेबांना कळवलं आणि सापळा लावला.

खारी हे जुनं गाव. आता चारी बाजूंनी सोसायट्या उभ्या आहेत आणि मागे मोकळ्या जागेचा एक तुकडा उरला आहे. तिथे दोन रिकामे ट्रेलर उभे होते. शुक्रवारी सकाळी नऊपासून मी समोरच्या सोसायटीत वॉचमनच्या खुर्चीत बसलो. दोघं रिक्षात होते. आमचा एक हवालदार भाजीची हातगाडी घेऊन मैदानाच्या तोंडाशी. आता या गड्याला भाजीचा एकही भाव माहीत नव्हता. बायका म्हणतील त्या भावाला तो देत सुटला. अर्ध्या तासात तिथे ही गर्दी. दोन सोसायट्यांतून पिशव्या घेऊन लोक उतरले. त्यात गावातली एक आजी होती. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू भाजीवाला न्हाय. तुजे बूट पोलिसाचे हायेत."

"आजी, जरा हळू बोला."

"मंग मेथीची जुडी दे नि गप ऱ्हा."

जुडी घेऊन आजी गेली आणि माझा जीव भांड्यात पडला.

पावणेअकराला पन्नाशीचा एक माणूस आला. हातात कापडी पिशवी. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ ट्रेलरखाली सरपटत शिरला. अकराला मैदानात एक ट्रक आला, नुसता पुढचा भाग, मागे काही नाही. मी शिट्टी मारली, धावत गेलो आणि पिस्तूल रोखून ओरडलो, "हात वर कर."

ट्रेलरखालून शांत आवाज आला. "साहेब, हात वर केले तर चेसिसला लागतील. आधी बाहेर येऊ द्या."

पिशवीची झडती घेतली. एक वायर ब्रश, थिनरची बाटली, टॉर्च आणि वाचायचा चष्मा.

"घोडा कुठाय?" मी विचारलं.

"हा काय समोर उभा आहे," त्याने त्या ट्रककडे बोट दाखवलं. "पण त्याला थांबवा, साहेब. नाहीतर तो ट्रेलर लावून निघून जाईल."

ट्रेलर ओढणारी जी पुढची इंजिनाची गाडी असते, तिला ट्रेलरच्या धंद्यात घोडा म्हणतात. सगळ्या हायवेला हे माहीत होतं, फक्त मला नव्हतं. हवालदार भाजीच्या गाडीमागे खाली बसून हसत होता, खांदे हलताना दिसत होते. तेवढ्यात एसीपी साहेबांचा फोन. "किती घोडे मिळाले?"

"एक मिळाला, सर. दहा चाकांचा."

 मग मी काय घडलं ते सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे. नीट जपून ठेव. चारा वेळेवर घाल."

घोड्याच्या ड्रायव्हरला थांबवून ठेवलं आणि त्या माणसाला ठाण्यात आणलं. नाव विचारलं आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. हे नाव मी चार दिवसांपूर्वीच वाचलं होतं, माझ्या सहीच्या नोटिशीवर.

प्रकरण असं होतं. आदल्या आठवड्यात घोडबंदरच्या घाटात लोखंड भरलेला एक ट्रेलर घोड्यापासून निखळला आणि कठड्यावर आदळला. ज्या जाड पिनेने ट्रेलर घोड्याला अडकतो त्या किंगपिनची प्लेटच फाटली होती. ड्रायव्हर हात मोडून दवाखान्यात पडला होता, दैव बलवत्तर म्हणून वाचला. ट्रेलरवर बनवणाऱ्याची पाटी होती. ट्रेलरच्या मालकाने, म्हणजे शेठने, पाटीकडे बोट दाखवून फिर्याद दिली की माल कच्चा दिला. पाटी या माणसाच्या वर्कशॉपची. आम्ही त्याच्या शटरला सील लावलं आणि सोमवारी हजर राहण्याची नोटीस काढली. सोमवारी अटक करायची हे माझं ठरलेलं होतं. तपास माझा उपनिरीक्षक करत होता, मी नुसत्या सह्या केल्या होत्या. या माणसाचं तोंडही पाहिलं नव्हतं.

त्याला सगळे मिस्त्री म्हणत. मराठवाड्यातून तरुणपणी आलेला, वेल्डिंग शिकून स्वतःचं वर्कशॉप उभं केलेला. वर्षाला मोजकेच ट्रेलर बनवायचा.

"साहेब, तो ट्रेलर माझा नाही," तो म्हणाला.

"पाटी तुझी आहे ना?"

"पाटी माझी वाटते. ट्रेलर माझा नाही. शेठकडे अजून दोन आहेत तसलेच. मैदानात उभे आहेत ते. आज तो एक हलवणार होता, मला ओळखीच्या ड्रायव्हरनं सांगितलं. म्हणून खाली जाऊन चेसिसचा नंबर बघत होतो. रंग काढला तर खाली घासलेलं निघालं. साहेब, शटर बंद होऊन चार दिवस झाले. माझी तीन माणसं घरी बसलीत. बनवायला दिलेले दोन ट्रेलर लोकांनी रद्द केले. सोमवारी तुम्ही मला आत टाकलंत, तर ह्या हायवेवर माझ्या नावाला कोण हात लावेल?"

चौकशीत माझा एक ठोकताळा होता. खोटं बोलणारा माणूस स्वतःबद्दल फार बोलतो, खरा माणूस वस्तूबद्दल बोलतो. मिस्त्री पुढचा पाऊण तास फक्त ट्रेलरबद्दल बोलला. पत्रा किती जाड हवा, कुठला वेल्ड थंड होऊ द्यायचा, किंगपिनच्या प्लेटला वरून आधार का लागतो. मला निम्मं कळलं नाही, पण माझा विश्वास बसला. आता माझ्या विश्वासाला कोर्टात कोण विचारतो? पुरावा पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी हायवेवर ट्रान्सपोर्टवाल्यांच्या पार्किंगमध्ये गेलो. बरोबर पंच आणि आमच्या हवालदार मॅडम, पंचनामा लिहायला. मिस्त्रीने बनवलेले जुने ट्रेलर शोधून त्यांच्या पाट्या आणि नंबर उतरवायचं ठरवलं. ड्रायव्हर लोक आधी लांब उभे राहिले. कशासाठी आलोय ते कळल्यावर मात्र प्रत्येक जण मास्तर झाला. कुठल्या कंपनीचा ट्रेलर आतून गंजतो, कुठल्याचे स्प्रिंग खड्ड्यात जीव सोडतात, कोण नुसता रंग चकाचक देतो, सगळं ऐकलं. एक म्हातारा ड्रायव्हर मला हाताला धरून घेऊन गेला.

"साहेब, खाली वाका. रिकामा ट्रेलर बाजूनं बघायचा. मधे पोटातून जरा वर उचललेला दिसला पाहिजे. लोड टाकला की मग सरळ होतो. आधीपासूनच सरळ असेल तर लोड टाकल्यावर बसणार. हा मिस्त्रीचा आहे, बघा कसा उचललाय. बारा वर्षं ओढतोय मी ह्याला."

मी वर्दीत रस्त्यावर आडवा होऊन बघितलं. खरंच हलकी कमान होती. मग मैदानातले ते दोन आठवले, पाटासारखे सपाट.

ठाण्यात परत येऊन मी पंचनामा वाचायला घेतला आणि माझं डोकं सणकलं. "मॅडम, इतकी वर्षं नोकरी झाली, ट्रेलरचं साधं स्पेलिंग येत नाही? ए नंतरचा आय कुठे गेला? आणि पाचही ठिकाणी तीच चूक?"

मॅडमनी जराही न चळता उत्तर दिलं, "सर, पंचनाम्यात जसं आहे तसंच उतरवायचं, हे तुम्हीच शिकवलंत. पाचही पाट्यांवर आय नाही."

मी फाइल ओढली. मग घाटातल्या ट्रेलरचा पंचनामा काढला. तिथे आय होता. मैदानातल्या दोन्ही ट्रेलरवर जाऊन पाहिलं. तिथेही आय होता, ठसठशीत.

मिस्त्रीला बोलावून विचारलं, "तुझ्या पाटीवरचं स्पेलिंग चुकलंय, माहीत आहे का?"

तो बावरला. "चुकलंय? वीस वर्षं तोच ठसा वापरतोय, साहेब. पहिल्या पाटीवाल्यानं जसा करून दिला तसाच. बरोबर कसं असतं?"

मॅडमनी कागदावर लिहून दाखवलं. त्याने अक्षरांवरून बोट फिरवलं. "वीस वर्षांत कुणी बोललं नाही," तो म्हणाला. त्याला वाईट वाटलं होतं. मला मात्र त्या माणसाला मिठी मारावीशी वाटत होती.

आता आय घालणारा शोधायचा होता. नावाच्या पाट्या करणारे मीरा-भाईंदरमध्ये किती असणार? शनिवारी आणि रविवारी माझी माणसं दुकानं पालथी घालत होती. रविवारी दुपारी शांती नगरमध्ये एक सापडला. सोसायट्यांच्या दारावरच्या पाट्या करणारा, गळ्यात चष्म्याची दोरी, दुकानात डिक्शनरी. मी पाटीचा फोटो दाखवताच त्याची छाती फुगली.

"हां साहेब, मैंने ही बनाया है. तीन पीस. सेठ सॅम्पल लेके आया था, उसमें स्पेलिंग मिस्टेक था. मैंने सुधार के दिया. उसको बोला भी नहीं. अपने हाथ से गलत चीज नहीं जानी चाहिए."

मी म्हटलं, "आपने बहुत अच्छा काम किया." तो खूश झाला. त्याचा जबाब नोंदवताना त्याने माझ्या हवालदाराच्याही दोन चुका सुधारल्या.

सोमवारी ठाण्यात मिस्त्री हजर राहायचा होता. मी शेठलाही बोलावून घेतलं. शेठ ऐटीत आला. खुर्चीत बसल्याबसल्या त्याने विचारलं, "उसको अरेस्ट किया क्या, साहेब?" मी चहा मागवला. घाई करणाऱ्या माणसाला मी नेहमी चहा पाजायचो.

"शेठ, ट्रेलर मिस्त्रीकडूनच घेतला, नक्की?"

"शंभर टक्के. पाटी बघा ना."

"पाटी त्यानंच बसवली? तुमच्यासमोर?"

"माझ्यासमोर."

"तिच्यावरचं सगळं बरोबर आहे? एखादं अक्षर इकडेतिकडे?"

शेठने खिशातून फोन काढून फोटो मोठा करून वाचला. "एकदम बरोबर आहे, साहेब."

"तिथेच घोळ झालाय," मी म्हटलं आणि पाच जुन्या पाट्यांचे फोटो टेबलावर मांडले. शेठने दोनदा वाचलं.  मी आतल्या खोलीतून पाटीवाल्याला बोलावलं. त्याने शेठला नमस्कार केला आणि म्हणाला, "सेठ, पाटी में कोई शिकायत?" त्यानंतर शेठने चहा काही घेतला नाही. तासाभरात सगळं बाहेर आलं. ट्रेलर लांब कुठेतरी शेडमध्ये हलक्या पत्र्याचे बनवून घेतलेले. मिस्त्रीचा ट्रेलर असला की माल देणारे डोळे झाकून माल भरतात, म्हणून त्याच्या नावाच्या पाट्या. मोडला तर मोडला, पकडायला मिस्त्री होताच. मैदानातले दोन ट्रेलर अजून मोडले नव्हते, हे आपलं नशीब. त्यातला एक लोखंड भरून शुक्रवारीच घाट उतरणार होता.

मिस्त्रीचं नाव गुन्ह्यातून वगळल्याचा अहवाल कोर्टाने मान्य केला. त्याची प्रत मी शिपायाच्या हाती पाठवणार होतो, लिफाफ्यात घालून. तेवढ्यात मिस्त्रीचा फोन आला.

"साहेब, एक विनंती आहे. नोटीस तुम्ही माझ्या शटरवर चिकटवली होती. येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांनी वाचली. माझ्या मुलीनं शाळेतून येताना वाचली. हा कागद पण तिथेच, सगळ्यांसमोर वाचून दाखवाल का?"

मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. एवढी वर्षं नोकरी केली, माणसावर संशय घेतला तो गाडीचा दिवा लावून, चारचौघांत. आणि निर्दोष निघाला की एक कागद लिफाफ्यातून. हे चुकतंय, असं एकाही ट्रेनिंगमध्ये मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही कधी सुचलं नव्हतं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत अशी प्रत मी स्वतः नेऊन दिली. ज्या दारात नोटीस दिली, त्याच दारात.

मी पूर्ण वर्दीत गेलो. शटर उघडलं होतं, तिघं कामगार परतले होते. आजूबाजूचे गाळेवाले, पार्किंगमधले ड्रायव्हर, हाताला प्लास्टर घातलेला घाटातला तो ड्रायव्हरसुद्धा आला होता. मिस्त्रीची बायको आणि शाळेच्या गणवेशातली मुलगी पुढे उभ्या होत्या. मला एका अर्धवट बनलेल्या ट्रेलरवर चढवलं. मी घसा साफ केला आणि सुरुवात केली.

"सदर इसमाविरुद्ध कोणताही पुरावा आढळून न आल्याने, सदर इसमास..."

"साहेब," मिस्त्री खालून म्हणाला, "सदर इसम नको. नाव घ्या. आणि जरा मोठ्यानं."

मी कागद खाली केला. त्याचं नाव घेतलं, वडिलांचं घेतलं, आडनाव घेतलं. हजेरीच्या मैदानावर घेतो त्या आवाजात, हायवेपर्यंत जाईल असं.